घोड्याला पदक, भिस्त्याला फीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खडकवासल्याच्या तलावाकाठी एक जहाज उभं होतं. ते तरंगत नसे. तरंगणं हे त्याचं कामच नव्हतं. ‘एचएमएस अँगोस्टुरा’ असं भारदस्त नाव लावून ते उत्तरेच्या काठावर ठाण मांडून होतं आणि जहाजातून शत्रूच्या किनाऱ्यावर कसं उतरायचं, याचा सराव फौजा त्याच्यावरून करत. खरा समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, पार कोकणात. इथे पाणी मुठेचं, लाटा वाऱ्याच्या मर्जीवर आणि शत्रूचा किल्ला मानायचाच तर पलीकडचा सिंहगड. लष्कराला यात काही वावगं वाटलं नाही.

युद्ध संपल्यावर तिन्ही दलांच्या प्रबोधिनीसाठी जागा शोधायला सुरुवात झाली. खडकवासल्याच्या बाजूने जी कारणं मांडली गेली, त्यांत हे निकामी झालेलं खोटं जहाजही होतं. लोहगावचा विमानतळ जवळ, आजूबाजूला लष्करी संस्था, अरबी समुद्र तसा फार लांब नाही, हवा उत्तम, आणि एक तयार जहाज. फ्लॅट दाखवणारा एजंट पार्किंग, पाणी, लिफ्ट असं सगळं सांगून झाल्यावर शेवटी ‘शिवाय गच्ची’ म्हणतो ना, त्या सुरात. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पायाभरणी केली आणि १६ जानेवारी १९५५ ला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं. आम्ही सगळे तिला एनडीए म्हणतो, आणि रविवारी चौपाटीवर कणीस खायला आलेल्या पाहुण्यांना बोट दाखवून ‘ते पलीकडे एनडीए’ असं सांगतो. बोटाच्या दिशेला बहुधा झाडंच असतात.

हे जहाज ठाऊक असल्यामुळे असेल, पण हॉलिवूडच्या खोट्या खैबर खिंडीवर मी इतरांइतका चटकन रागावू शकत नाही.

ती खिंड कॅलिफोर्नियात आहे. लोन पाइन नावाच्या गावाशेजारी अलाबामा हिल्स म्हणून तांबूस, गोलसर खडकांचा एक पसारा आहे. मागे सिएरा नेवाडाची बर्फाची शिखरं. पुढचे खडक म्हणजे सरहद्द प्रांत आणि मागचं बर्फ म्हणजे हिमालय, असं एकदा ठरवून टाकलं की स्टुडिओपासून मोटारीच्या अंतरावर अख्खा हिंदुस्थान हाताशी येतो. खरा हिंदुस्थान त्यांनी आजमावून पाहिला नव्हता असं नाही. ‘द लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर’साठी पॅरामाउंटचा माणूस १९३१ च्या सुमारास इकडे येऊन चित्रण करून गेला होता, त्यातली बरीचशी फिल्म आपल्या उन्हाने खराब करून टाकली. स्वातंत्र्यलढ्यातलं हे योगदान आपल्या इतिहासात नोंदलेलं दिसत नाही.

चित्रपट नुकता बोलू लागला होता. बोलू लागल्यावर काय बोलायचं हा प्रश्न पडतोच. त्यावर हॉलिवूडने एक उत्तर असं काढलं की जास्त बोलूच नये. बिगूल वाजवावा, टापा वाजवाव्यात, गोळ्या झाडाव्यात. जॉन फोर्डने १९२९ मध्येच ‘द ब्लॅक वॉच’ काढला. त्यात व्हिक्टर मॅकलॅग्लन खैबरकडे निघतो आणि मधे प्रेमाचे संवाद इतके सावकाश म्हणतो की तेवढ्या वेळात खिंड पायी ओलांडून व्हावी. मग १९३५ मध्ये गॅरी कूपरचा ‘बेंगॉल लान्सर’ आला. १९३६ मध्ये एरॉल फ्लिनचा ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’. यात क्रिमियाच्या युद्धातला तो गाजलेला वेडा हल्ला मुळात हिंदुस्थानातल्या कुणा सूरत खानाचा सूड घेण्यासाठी झाला, असा शोध लावलेला आहे. १९३७ मध्ये शर्ली टेंपल नावाची चिमुरडी सरहद्दीवर जाऊन तंटा मिटवून आली. आणि १९३९ मध्ये या सगळ्या पंगतीतलं पक्वान्न वाढलं गेलं: ‘गंगा दीन’.

यातला ‘लान्सर’ आणि ‘गंगा दीन’ मी आमच्या इमारतीतल्या सुभेदारसाहेबांबरोबर बसून पाहिले. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झाले तेव्हा मिसरूड फुटायचं होतं म्हणतात. फौजी सिनेमा फौजी माणसाबरोबर पाहू नये असं जाणते सांगतात, कारण त्याचं लक्ष नायकाकडे नसतंच. नायकाच्या मागे तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या शिपायाचा पट्टा सैल आहे, हे त्याला आधी दिसतं.

‘लान्सर’मध्ये एक प्रसंग आहे. लेफ्टनंट फोर्साइथ गारुड्याची पुंगी वाजवत बसतो आणि समोर खरोखरच नाग येऊन फणा काढतो. मी जरा सावरून बसलो. सुभेदारसाहेब म्हणाले, “सर, हा माणूस ड्यूटीवर आहे का सुट्टीवर?”

“बहुतेक ड्यूटीवर.”

“मग सापाचं सोडा. याचा कमांडिंग ऑफिसर कुठंय?”

कमांडिंग ऑफिसर चित्रपटात आहे, आणि कथेचा सगळा घोळ त्याच्यामुळेच आहे. कर्नल स्टोनचा मुलगा त्याच्याच रेजिमेंटमध्ये दाखल होतो. बाप कर्तव्यकठोर, मुलगा हळवा. मुलगा शत्रूच्या हाती लागतो आणि त्याला सोडवायला दोघे मित्र वेश पालटून जातात. मग नखांत बांबूच्या कामट्या घालून त्यावर जाळ धरण्याचा छळ. शेवटी दारूगोळ्याचं कोठार उडतं. गॅरी कूपर मरतो. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळतो, आणि तो क्रॉस समारंभपूर्वक त्याच्या घोड्याच्या खोगिराखालच्या झुलीवर टाचला जातो.

इथे सुभेदारसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनींनी आणलेली कांदाभजी गार होऊ लागली. मग म्हणाले, “घोडा कामाचा होता. पण त्याच्यामागं घोड्याला पाणी दाखवणारा कुणीतरी असंल ना?”

दुखणं हल्याला आणि डाग पखालीला, अशी म्हण आपल्याकडे आहे. इथे पदकाचा डाग हल्यालाच मिळाला, पखाल तशीच राहिली. एरॉल फ्लिनच्या सिनेमात मात्र घोड्यांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. भर वेगात त्यांच्या पायांना तारांचा झटका देऊन त्यांना पाडण्याची युक्ती त्या चित्रीकरणात वापरली गेली. त्यात बरेच घोडे मेले आणि अमेरिकेत त्यावरून मोठा गवगवा झाला. पडद्यावर पडलेल्या शेकडो पठाणांबद्दल अर्थातच काही बोलणं झालं नाही. ते संध्याकाळी उठून जेवायला गेले होते.

पखालीचा विषय निघाल्यावर ‘गंगा दीन’ लावणं भागच होतं.

हा चित्रपट, खरं सांगतो, रंजक आहे. केरी ग्रँट, मॅकलॅग्लन आणि डग्लस फेअरबँक्स धाकटा हे तीन सार्जंट. एकाला सोन्याचा हव्यास, एकाला लग्न करून चहाच्या धंद्यात पडायचंय, आणि तिसऱ्याचा जीव त्याच्या हत्तिणीत अडकलेला. हत्तिणीला औषध पाजण्याचा एक प्रसंग आहे. त्यात मॅकलॅग्लन इतका सुंदर काम करतो की ‘द ब्लॅक वॉच’मधली खिंड आपण त्याला माफ करतो. तिघांची मारामारी म्हणजे नुसती धमाल. माणसं गच्चीवरून फेकली जातात आणि हशा पिकतो. फेकली जाणारी माणसं आपली आहेत, हे हसून झाल्यावर लक्षात येतं. चित्रपटाची खरी हुशारी हीच आणि त्याच्याशी माझं भांडणही इथेच आहे.

ठगांचा बंदोबस्त स्लीमनने १८३० च्या दशकातच केला होता. सिनेमावाल्यांनी त्यांना पुन्हा जिवंत करून कालीच्या सोनेरी देवळात आणून बसवलं. त्यांच्या गुरूचं काम एदुआर्दो चान्नेली या नटाने केलंय. जन्माने इटालियन. कंबरेला पांढरं वस्त्र, बाकी अंग उघडं, डोकं तुळतुळीत. १९३९ मध्ये जगातल्या कुठल्याही प्रेक्षकाला त्यावरून कुणाची आठवण व्हावी, हे सांगायला नको. गंमत अशी की या दुष्ट गुरूच्या तोंडी देशासाठी मरण्याचं जे भाषण आहे, तेवढंच एक भाषण चित्रपटात मनापासून लिहिल्यासारखं वाटतं. भाषण संपवून तो स्वतःच सापांच्या खड्ड्यात उडी टाकतो.

आणि गंगा दीन? न्यूयॉर्कच्या सॅम जॅफेने अंगाला काळा रंग फासून तो उभा केलाय. वय सत्तेचाळीसच्या घरात. पलटणीचा भिस्ती. लढाईच्या धुमाळीत पखाल घेऊन पळणारा. कुणी बघत नसताना तो एकटाच कवायत करतो. त्याला शिपाई व्हायचंय. शेवटी जखमी अवस्थेत देवळाच्या सोनेरी घुमटावर चढतो, बिगूल वाजवून येणाऱ्या फौजेला सावध करतो आणि मरतो. मेल्यावर त्याला कॉर्पोरलची फीत मिळते.

“दोन फिती,” सुभेदारसाहेबांनी दुरुस्ती केली. “कॉर्पोरल म्हणजे आपला नाईक.” मग थोडं थांबून, “आणि घोड्याला व्हिक्टोरिया क्रॉस.”

हा चित्रपट त्या वेळी मुंबईच्या आणि बंगालच्या सेन्सॉरने अडवला. त्याच्या आदल्याच वर्षी कोर्डाचा ‘द ड्रम’ हा असाच सरहद्दीवरचा विलायती चित्रपट मुंबईत लागला तेव्हा निदर्शनं झाली होती आणि तो उतरवावा लागला होता. ‘फिल्मइंडिया’ मासिक चालवणारे बाबूराव पटेल या चित्रपटांच्या हात धुऊन मागे लागले होते. बाबूरावांची लेखणी अशी की ज्याच्यावर पडे, त्याला ठग परवडले असं वाटावं. त्यांचा राग योग्यच होता. पण रागाच्या भरात आपण आपल्याच अंगणातली एक गोष्ट पाहायची विसरतो.

१९३९ मध्येच, पुण्यात, प्रभात कंपनीने ‘माणूस’ काढला. दिग्दर्शक शांताराम. नायक पोलीस शिपाई, खाकी हाफ पँटीतला, सरकारचा पगारी नोकर. म्हणजे त्याच साम्राज्याच्या उतरंडीतला तळाचा गणवेशधारी. तो छाप्यात सापडलेल्या एका वेश्येला वाचवतो, तिच्यावर जीव जडवून बसतो आणि त्यात स्वतः मोडून पडतो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्या शिपायाचं नाव गणपत. ब्रिटिश अधिकारी मराठा शिपायाला सरसकट ‘गणपत’ म्हणत, हे फौजेत मुरलेल्यांना माहीत असतं. अमेरिकेत एक गंगा दीन शिपाई होण्यासाठी मरत होता, तेव्हा पुण्यातला गणपत शिपाई असूनही माणूस होण्यासाठी धडपडत होता. दोन्ही कंपन्यांना एकमेकींचा पत्ता नव्हता. प्रभातचा तो स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तिथल्या मुलांनी हे दोन चित्रपट एका संध्याकाळी लागोपाठ पाहावेत. निबंध लिहू नये. नुसते पाहावेत.

हॉलिवूडला खरी वसाहतकालीन लढाई हवीच होती, तर ती दोनच वर्षांत घडणार होती, आणि तिची पावती आमच्या खडकवासल्यात दगडी बांधून ठेवलेली आहे. एनडीएची मुख्य इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. तीन मजली, वर घुमट. नाव सुदान का? पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत सुदानच्या बचावासाठी हिंदी सैन्याने जे केलं, त्याबद्दल १९४१ मध्ये सुदान सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीत त्यातले तीस हजार पाकिस्तानकडे गेले, सत्तर हजार आपल्याकडे आले आणि ते या इमारतीत लागले. १९५९ च्या ३० मे ला सुदानच्या राजदूतांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्या वेळी सुदानही स्वतंत्र झालेला होता, आपणही. देणारे-घेणारे दोघेही नव्या घरात राहायला आले होते.

त्या मोहिमेतली सर्वांत जिकिरीची लढाई इरिट्रियातल्या केरेनची. फेब्रुवारी आणि मार्च १९४१. अरुंद खिंड, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, आणि डोंगरांवर इटालियन फौज मोर्चे बांधून बसलेली. यातल्या ‘फ्लॅट टॉप’ नावाच्या डोंगरावर मार्चच्या मध्यात चढले ते दुसऱ्या-पाचव्या मराठा पलटणीचे लोक. मावळ, कोकण, सातारा, कोल्हापूर इथली माणसं, परक्या देशात, डोंगर मात्र ओळखीच्या धाटणीचे. हॉलिवूडमध्ये इटालियन माणूस हिंदी गुरू होऊन सापांच्या खड्ड्यात उडी टाकत होता, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. इथे गणपतांसमोर खरे इटालियन होते, आणि ते बाँबगोळे टाकत होते. २७ मार्चला केरेन पडलं.

केरेनची गोष्ट सांगताना सुभेदारसाहेबांचा आवाज बदलतो. ते तिथे नव्हते, त्यांचा जन्मही नंतरचा. पण पलटणीची जुनी लढाई ही पलटणीतल्या प्रत्येकाने लढलेली असते.

“केरेनला गोळीपेक्षा पाण्याचं भारी झालं होतं,” ते म्हणाले. “वर थेंब नाही. पाणी, गोळ्या, जेवण, सगळं खालून चढवायचं. लढणारेच उतरायचे, लढणारेच पाठीवर घेऊन चढायचे. जखमी खाली आणायचे. मग परत वर.”

“म्हणजे सगळेच गंगा दीन?”

“आपल्यात कोण कुणाचा भिस्ती असतो, सर? ज्याची पाळी असंल तो.”

सेनेच्या रसदीवर जाडजूड ग्रंथ आहेत. त्यातलं निम्मं या वाक्यात आलंय असं मला वाटतं. सॅम जॅफेच्या गंगा दीनची शोकांतिका अशी मांडली आहे की बिचारा पाणी वाहतो आणि त्याला लढायचंय. केरेनला लढणारेच पाणी वाहत होते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटल्याची नोंद नाही. पाणी वाहणं हे खालच्याचं काम, ही कल्पना कथा लिहिणाऱ्याच्या डोक्यातली. मूळ कविता लिहिणाऱ्या किपलिंगच्या आणि पुढे तिच्यावर चित्रपट बेतणाऱ्यांच्या. चित्रपटात किपलिंग स्वतःही एका दृश्यात होता. घरच्यांनी हरकत घेतल्यावर त्याला पडद्यावरून पुसून टाकण्यात आलं. वशिला असला की पुसलंही जाता येतं.

याच मोहिमेत आणखी एक गोष्ट घडली. तिच्यात घोडा नाही, बिगूल नाही, सोन्याचं देऊळ नाही. खडकीच्या बाँबे सॅपर्सचा प्रेमिंद्रसिंग भगत नावाचा सेकंड लेफ्टनंट. डेहराडूनहून अधिकारी होऊन बाहेर पडला तो १९३९ मध्येच. माघार घेणाऱ्या इटालियनांनी रस्त्यात सुरुंग पेरून ठेवले होते. ३१ जानेवारीपासून पुढचे चार दिवस हा मुलगा फौजेच्या पुढे राहून ते शोधत आणि निकामी करत गेला. पंचावन्न मैलांत पंधरा सुरुंगक्षेत्रं. दोनदा त्याची गाडी खालून उडाली. कानाचे पडदे फाटले. त्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदी अधिकारी. क्रॉस त्याच्याच छातीवर टाचला गेला. घोडा नव्हता हे बरंच झालं.

या गोष्टीवर हॉलिवूडने तेव्हा चित्रपट काढला नाही, यात नवल नाही. सुरुंग शोधणाऱ्या माणसाला जपून चालावं लागतं आणि त्या काळच्या कॅमेऱ्याला दौड आवडे. आपण अजून काढलेला नाही, याचं मात्र मला नवल वाटतं. एनडीएच्या संचलन मैदानाला अरुण खेत्रपालचं नाव आहे. तो इथेच शिकला, ‘पूना हॉर्स’मध्ये गेला आणि १९७१ च्या डिसेंबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, रणगाड्यात लढता लढता पडला. ‘पूना हॉर्स’चा इतिहास १८१७ पासूनचा. भाले घेऊन दौडणारे स्वार त्या रेजिमेंटमध्ये एकेकाळी खरोखर होते. गॅरी कूपरने जे कॅलिफोर्नियात भाड्याच्या भाल्यानिशी केलं, ते या लोकांनी पगारावर केलेलं आहे. ऐवज आपल्याकडे आहे, चित्रपट त्यांच्याकडे आहेत.

सुभेदारसाहेबांनी दोन्ही चित्रपटांवर शेवटी निकाल दिला. ‘लान्सर’ला त्यांनी नापास केलं, कारण कर्नलने मुलाला आपल्याच पलटणीत येऊ दिलं. ‘गंगा दीन’ला पास केलं. मी चकित होऊन कारण विचारलं, तर म्हणाले, “त्यो मेल्यावर त्याचं नाव यादीत घेतलं की नाय? आमच्या लढायांच्या सिनेमात पाणीवाल्याला नावसुद्धा नसतंय.”

बाबूराव पटेलांनी हे ऐकलं असतं तर सुभेदारसाहेबांवरही एक अग्रलेख झाला असता. पण मला ते पटलं. गंगा दीन हा अपमानकारक चित्रपट आहे आणि तो पाहावा. अपमान ओळखता येतो इतपत आपलं वय आता झालेलं आहे, आणि मॅकलॅग्लनची हत्तीण पुन्हा बघायला मिळणार नाही.

आणि पुण्या-मुंबईतल्या निर्मात्यांना एक विनंती. केरेनवर चित्रपट काढा. डोंगर शोधायला इरिट्रियाला जायचं कारण नाही; सिंहगडाची मागची बाजू उन्हाळ्यात पुरेशी रखरखीत असते आणि डोणज्याला जेवणाची सोय उत्तम आहे. फक्त रविवार टाळा, रस्ता मिळणार नाही. भूमिका वाटताना जो पाठीवर पाणी घेऊन फ्लॅट टॉपवर चढतो, त्याला चांगला नट द्या, एक नाव द्या, आणि ते नाव शेवटी पळत्या अक्षरांत न टाकता सुरुवातीला, मोठ्या टायपात द्या.